सहाशे पानांखालचं पुस्तक घेऊच नका

देवस्थानच्या समितीने यंदा स्मरणिका काढायचं ठरवलं आणि 'तुम्हांला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून ते काम तुमच्या गळ्यात घातलं, याबद्दल आधी अभिनंदन. तुम्हांला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, तर लाईटचं बिल ऑनलाइन भरता येतं. पण समितीत इतर कुणाला तेही येत नाही. तेव्हा संपादक तुम्ही, मांडणी करणारे तुम्ही, आणि छापून आल्यावर आरोपीही तुम्हीच.

वर्गणी भरून इनडिझाइन, म्हणजे पानांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर घातलंत. उघडलंत. डावीकडे हत्यारांची रांग, उजवीकडे पॅनलांची चळत आणि मध्ये कोरं पान. यूट्यूबवर एक मुलगा आधी चॅनल सबस्क्राइब करायला सांगतो, मग माउस इतका भराभर फिरवतो की आपण पॉज दाबेपर्यंत त्याचं ब्रोशर छापून झालेलं असतं. शेवटी तुम्ही म्हणालात, एखादं चांगलं पुस्तकच घेऊ. योग्य विचार. आता ते पुस्तक कसं पारखायचं ते सांगतो.

पणजीत घ्या, मडगावात घ्या, नाहीतर घरबसल्या मागवा, पथ्य एकच: कसलाही प्रश्न बरोबर नेऊ नका. 'मजकूर दोन कॉलमांत कसा वाहवायचा', 'जाहिरातीला चौकट कशी घालायची', 'पानाचा आकडा आपोआप कसा येतो' असे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेलेत, तर तुम्ही पुस्तक उघडून त्यांची उत्तरं शोधायला लागाल. अशाने दहातली आठ पुस्तकं तिथेच खाली ठेवावी लागतात आणि रिकाम्या हाताने कदंबाच्या बसमध्ये चढावं लागतं. बाजारात मासळी घेताना तुम्ही इसवणाचा कल्ला उचलून बघता, ते ठीक आहे. तिथे जेवणाचा प्रश्न असतो. पुस्तकाचा कल्ला म्हणजे शेवटच्या पानांतली सूची. तिला बोटही लावू नका.

आधी वजन बघा. सहाशे पानांखालचं पुस्तक घेऊच नका. स्मरणिकेच्या बैठकीत टेबलावर ते आदळलं की खजिनदारबाब अर्ध्या पानाच्या जाहिरातीचा दर कमी का, हे विचारायचं विसरतात. एवढी पानं कशाने भरली आहेत याची चौकशी करायची नाही. 'न्यू' कुठे दाबायचं त्याचं चित्र, दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीचं चित्र, ती खिडकी बंद केल्यावर दिसणाऱ्या रिकाम्या पडद्याचं चित्र, आणि 'आता तुम्ही तुमचं पहिलं डॉक्युमेंट तयार केलंत!' हे उद्गारवाचक वाक्य. असं चाललं तर हजार पानं सहज होतात.

प्रकरणं मेनूच्या क्रमाने असतील तर फारच उत्तम. फाइल, एडिट, लेआउट, टाइप, ऑब्जेक्ट, टेबल, या ओळीने एकेक आज्ञा काय करते ते सांगितलेलं. सोळा पानी स्मरणिका करायला बसलेल्या माणसाने आधी पानाचा आकार ठरवावा, मग समास, मग मास्टर पान (सगळ्या पानांवर येणाऱ्या गोष्टींचा साचा), मग स्टाइली (मथळे-मजकुराचं ठरवून ठेवलेलं रूप), आणि मजकूर त्यानंतर ओतावा, असं कामाच्या क्रमाने सांगणारी पुस्तकं टाळा. स्टाइल आधी केली की नंतर सगळ्या स्मरणिकेतले मथळे एका जागी बदलून मोठे करता येतात. मग अध्यक्षांनी ऐन वेळी 'मथळे जरा मोठे करा हां' म्हटलं, तर रात्रभर जागण्याचं पुण्य कुठून मिळणार?

पुस्तक पानांच्या मांडणीबद्दल आहे, तेव्हा त्याची स्वतःची मांडणी कशी आहे, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. आतला समास इतका अरुंद की ओळीची शेवटची दोन अक्षरं शिवणीत गेलेली. परिच्छेदाची एकटी ओळ नव्या पानाच्या डोक्यावर अनाथ होऊन बसलेली. टेबलावर ठेवलं की आपोआप मिटणारं, म्हणजे एका हाताने पुस्तक दाबायचं आणि दुसऱ्या हाताने शिफ्ट, कंट्रोल आणि माउस सांभाळायचा. आतली चित्रं काळी-पांढरीच हवीत. त्यांच्याखाली 'जांभळी रेघ कॉलमाची, निळी रेघ गाइडची, लाल रेघ ब्लीडची' असं लिहिलेलं असतं आणि वर तीन करड्या रेघा दिसतात. तिसरी रेघ कुठली ते ओळखता आलं नाही, तर जाहिरातीचा रंग पानाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर न्यायचा राहून जातो आणि कापणीनंतर कडेला पांढरी पट्टी उमटते. जाहिरातदार तिला डिझाइन समजतो. निदान समजावा.

आता सूचीकडे वळतो, कारण घात तिथेच होतो. समजा रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी प्रेसला फाइल द्यायचीय आणि अध्यक्षांच्या मनोगतातला शेवटचा परिच्छेद गायब आहे. नेमका तोच, ज्यात मंडपाचा खर्च उचलणाऱ्याचे आभार आहेत. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसा लाल अधिक तेवढा दिसतोय. तुम्ही सूची उघडता. 'मजकूर, गायब झालेला' नाही. 'अधिक चिन्ह' नाही. 'लाल' खाली फक्त लाल रंग. ओ अक्षराखाली 'ओव्हरसेट टेक्स्ट, पान २१४' असतं, पण चौकटीत न मावलेल्या मजकुराला ओव्हरसेट म्हणतात हे जो जाणतो तो पान २१४ कशाला उघडेल?

काही पुस्तकांच्या सूचीत 'अधिक चिन्ह, लाल: ओव्हरसेट पाहा' अशी नोंद सापडते. कुणीतरी बसून विचार केलेला असतो की अडलेला माणूस कुठल्या शब्दाने शोधायला येईल. अशा पुस्तकांपासून चार हात लांब राहा. त्यांच्यामुळे प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, स्मरणिका वेळेवर निघते आणि पुढच्या वर्षीची स्मरणिका, शिमग्याचं पत्रक, सरपंचांच्या मुलीची लग्नपत्रिका हे सगळं तुमच्याच दारात येतं.

आवृत्ती कुठली घ्यावी? जितकी जुनी तितकी टिकाऊ. माझं मत विचाराल तर पेजमेकरचंच, म्हणजे इनडिझाइनच्या आधीच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरचंच, पुस्तक घ्या. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. ज्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधीच येणार नाही, त्याचं पुस्तक कधीच जुनं होत नाही. शिवाय त्यात अनडू एकदाच होतं, त्यामुळे दुसरी चूक करण्याआधी माणूस विचार करतो. आजच्या पिढीला हा संस्कार नाही.

इनडिझाइनचंच हवं असेल तर दहा वर्षांपूर्वीचं चालेल. त्यात 'मास्टर पेज' म्हटलेलं असेल आणि तुमच्या पडद्यावर 'पेरेंट पेज' दिसेल. २०२२च्या आवृत्तीपासून ते नाव बदललं. एक अख्खी दुपार शोधण्यात छान जाते. त्यात टाइप वन नावाच्या जुन्या प्रकारच्या फॉन्टांची थोरवी गायलेली असेल, आणि २०२३पासून इनडिझाइन त्यांना ओळखच दाखवत नाही. नव्या आवृत्तीत केलेली फाइल प्रेसवाल्याच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यासाठी आयडीएमएल नावाची, जुन्या आवृत्तीलाही उघडता येणारी फाइल करून द्यावी लागते, ही गोष्ट मात्र पुस्तकात वाचू नका. प्रेसवाल्याच्या तोंडून, त्याच्या खास शब्दांत ऐकावी.

एक धोका सांगून ठेवतो. काही लेखकांना 'कुठे दाबायचं' याच्याआधी 'का दाबायचं' ते सांगायची खोड असते. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई सायन, मॅजेन्टा, यलो आणि काळ्या शाईने करते, म्हणून प्रायोजकाच्या लोगोतला झगमगीत निळा कागदावर उतरताना मरगळतो, असं ते दोन पानं समजावत बसतात. पुढच्या अपडेटमध्ये मेनू इकडचा तिकडे झाला तरी अशा वाचकाचं काही अडत नाही. कंटाळवाणा प्रकार. तुम्ही आपलं बाण काढलेल्या चित्रांचं पुस्तक घ्या. मेनू हलला की नवं घेता येतं.

सर्वांत महत्त्वाचा निकष: त्या पुस्तकात मराठीचा उल्लेख नसावा. ही अट पाळणं सोपं आहे, बहुतेक पुस्तकं ती आपणहून पाळतात. तुमची स्मरणिका मराठीत आहे, ही तुमची खाजगी बाब झाली. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली 'कंपोझर' नावाचा एक चौकोन असतो. तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर देवनागरीची वेलांटी आपली जागा सोडते, आणि मंदिराचं 'मंदरि', निमंत्रणाचं 'नमिंत्रण' होतं. जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. हे एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. म्हणून तर इंग्रजी मजकुरापुरत्या लिहिलेल्या सातशे पानांत त्याला जागा होत नाही. त्यातच गुरुजींनी स्थळपुराणाचा लेख जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलेला असतो. 'फॉन्ट बदलून बघा, मजा येईल', असं प्रकरण चारमध्ये म्हटलंय म्हणून तुम्ही फॉन्ट बदलता, आणि स्थळपुराणाच्या जागी रोमन अक्षरं आणि टोप्या घातलेले स्वर येतात. मजा येते.

कुणी बोट दाखवलं तर घाबरायचं नाही. आपण गोंयकार, छापखाना भारतात पहिल्यांदा उतरला तो इथे, १५५६ साली, आणि चुकांची परंपराही जवळपास तितकीच जुनी. गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला, त्याचं शुद्धिपत्र वीसेक पानांचं झालं. तुमचं अर्ध्या पानात आटपेल. फादर थॉमस स्टीफन्सची मराठी ओव्यांची रचना १६१६ साली सासष्टीतल्या राशोलला छापली गेली ती रोमन लिपीत, कारण छपाईला देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे फॉन्ट मिळत नाही म्हणून मराठी रोमनमध्ये उरकण्याला इथे चारशे वर्षांचा आधार आहे. समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुप ती परंपरा आजही निष्ठेने चालवतो. त्या फादरांकडे खिळे नव्हते, तुमच्याकडे सगळं आहे, एक चौकोन तेवढा शोधायचा राहिलाय. पण हे समितीला सांगू नका.

मलपृष्ठावरचे अभिप्राय जरूर वाचा. ते पुस्तक न उघडता वाचता येतात, आणि लिहितानाही बहुधा तसेच लिहिलेले असतात.

पुस्तक घरी आलं की पहिल्या पानावर नाव आणि तारीख घाला. पहिलं प्रकरण मन लावून वाचा, दुसऱ्यात पेन्सिलीने खुणा करा, तिसऱ्याच्या आधी गणपतीची चवथ येऊ द्या. माटोळी, पाहुणे, आरत्या. नंतर पुस्तक कपाटात. जुलै-ऑगस्टच्या दमटीत त्याला जी बुरशी धरेल ती कोरड्या फडक्याने पुसा, डांबराच्या गोळ्या ठेवा. स्मरणिका शेवटी प्रेसमधला ऑपरेटर पेजमेकरवर करून देईल. त्याने एकही पुस्तक वाचलेलं नाही, आणि ते तो तुम्हांला दोनदा सांगेल.

वर्षभराने त्याच लेखकाची नवी, अद्ययावत, ऐंशी पानांनी वाढवलेली आवृत्ती निघेल. ती घ्या. जुनी प्रत गावच्या वाचनालयाला भेट द्या. ग्रंथपाल नाव नोंदवताना जरा अवघडून सांगतील की हेच पुस्तक त्यांच्याकडे आधीच दोनदा आलंय, एक मागच्या अध्यक्षांकडून आणि एक त्यांच्या आधीच्यांकडून. तिन्ही प्रतींत पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या प्रकरणापर्यंतच आहेत.