किती इंची? किती नग?

गाडीत वूफर, म्हणजे खालच्या जड सुरांचा मोठा स्पीकर, बसवायचा म्हटला की दुकानदारापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना दोनच प्रश्न सुचतात. किती इंची? आणि एक की दोन? अरे, पोळपाट घेतोय का मी? डिकीत जागा किती आहे, अँपमधून, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरमधून, खरी पॉवर किती निघते, मी ऐकतो काय, हे विचारणारा माणूस चार दुकानं पालथी घातली तरी भेटला नाही.

ऐकतो काय, तर नाट्यगीतं, भजनं, थोडं जुनं सिनेमाचं. डग्ग्यावर तळहाताची टाच घासत नेली की जो घुमारा उठतो ना, तो मला गाडीत ऐकायचा होता. कंपनीने दारात दिलेल्या स्पीकरांत डग्गा म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा. मागणी एवढीच.

दुकानदाराने गाडीकडे बघितलंही नाही. "साहेब, बाराचे दोन टाका. दहाचा काय, रिक्षावाले लावतात." हा घाव बरोबर वर्मी बसला आणि मी शिकलासवरला गाढव हो म्हणून बसलो. तयार खोका, दोन वूफर, '२००० वॅट' लिहिलेला अँप, वायरिंग, फिटिंग. बिल सांगत नाही, घरातही खरं सांगितलेलं नाही.

माझ्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. खोका ठेवल्यावर शेजारी एक छत्री मावते, तीही घडीची. बायको दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "गावाहून तांदूळ आणायचा तो आता मांडीवर घेऊन बसायचं का?" मी म्हटलं, आधी आवाज तर ऐक.

आणि आवाजच नाही! म्हणजे गाणं वाजतंय, मागे काहीतरी हलतंय, पण छातीत काही नाही, पाठीत काही नाही. बाराचे दोन! फोन केला तर म्हणे, "नवीन आहेत साहेब, मोकळे व्हायला वेळ लागतो, पंधरा दिवस वाजवा." वूफर आहे की नवी चप्पल? पंधरा दिवस वाजवलं. पुन्हा गेलो, तर म्हणे हेडलाइट मिचमिचतात का? मिचमिचतात. मग कपॅसिटर टाका. याला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत आहे, आणि ते त्याच्याच गल्ल्यातून जातं.

शेवटी एका रविवारी पार्किंगमध्ये मीच पेचकस घेऊन बसलो. मल्टिमीटरमधली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढली, खोक्याच्या वायरी अँपमधून सोडवल्या आणि क्षणभर बॅटरीला टेकवल्या. डाव्या वूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला. उजवा आत गेला. पुन्हा टेकवल्या. डावा बाहेर, उजवा आत. फिटिंगवाल्या पोराने एकाची प्लस-मायनस उलटी जोडली होती! एकाच खोक्यात एक हवा ढकलतोय, दुसरा तीच ओढतोय, दोघं मिळून शून्य. पंधरा दिवस मी पैसे मोजून शांतता ऐकत होतो. आणि हे शहाणे मला चप्पल मोकळी करायला सांगत होते.

वायर सुलट केली तर दणका आला, पण कसला? कुठलंही गाणं लावा, एकच सूर, बूंम्म, आणि त्यामागोमाग नंबरप्लेटची खडखड. डग्गा गेला चुलीत. मग टेप घेऊन खोकाच मोजला. बाहेरून ९० बाय ३५ बाय ३५ सेंटिमीटर. लाकडाची जाडी, वूफरची धडं, पोर्टचा, म्हणजे खोक्यातली हवा बाहेर सोडणारा, पाइप वजा केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ३६ लिटर हवा. वूफरसोबतच्या कागदावर पोर्टवाल्या खोक्यासाठी प्रत्येकी ५५ लिटर छापलंय. तो कागद दुकानदाराने वाचला असता तर त्यालाच दिसलं असतं की बाराचे दोन नीट बसवायचे तर ११० लिटर हवा लागेल, वर लाकूड वेगळं, म्हणजे निम्मी डिकी. पण इंच विकायचे असतात ना, लिटर कोण विकतंय!

आता ते २००० वॅट. अँपच्या मागे फ्यूज कितीचे? २५ अँपियरचे दोन. म्हणजे ५० अँपियर. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट धरा, गुणाकार ७००. बॅटरीतून ७०० वॅट आत आले तर बाहेर २००० येतात कुठून, प्रसाद म्हणून? त्या जातीच्या अँपमध्ये ४० टक्के तर उष्णतेतच जातात, हाती राहतात चारशेच्या आसपास. दोघांत वाटले तर दोनशे-दोनशे. आणि एकेक वूफर सलग ४०० वॅट पचवणारा. एकाचं जेवण दोघांना वाढलंय. तेवढ्याच पॉवरमध्ये एकाच्या जागी दोन लावले तर फार तर ३ डेसिबल वाढतात, तेही दोघांना पुरेशी जागा असेल तर. आवाज दुप्पट वाटायला दहाएक डेसिबल लागतात. या ३ डेसिबलसाठी मी डिकी विकली.

बरं, मेव्हणा. "दाजी, मी सांगत होतो, बाराचा स्लो असतो, दहाचा फास्ट." अरे बाबा, ६० हर्ट्झचा सूर म्हणजे सेकंदाला ६० हेलकावे. दहाचा असो नाहीतर पंधराचा, साठच खाणार. पन्नासला दमून कोणी बसत नाही. गिचका होतो तो खोक्यामुळे. आणि दहाचे दोन म्हणजे बाराच्या एकापेक्षा कमी, हेही यांच्याच कट्ट्यावरचं ज्ञान. वर्तुळाचं क्षेत्रफळ सातवी-आठवीत शिकवतात: दहाचे दोन मिळून १५७ चौरस इंच, बाराचा एक ११३.

तरी मला यातलं काहीच नको होतं. गाडीची केबिन एवढीशी, खालचे सूर ती स्वतःच फुगवते. दहाचा एक वूफर, बंद खोका, आत २० लिटर हवा. २० लिटर म्हणजे ऑफिसातला पाण्याचा जार! शेवटी सुताराकडून तसाच खोका करून घेतला, दार बंद करताना येणारी पत्र्याची खणखण डॅम्पिंग शीट लावून मारली. डग्गा घुमतो. तांदळाचं पोतंही बसतं.

आणि हो, जाता जाता बॅटरीपासून अँपपर्यंत टाकलेली ती वायरही कापून बघितली. बाहेरून करंगळीएवढी जाड, आत निम्मं रबर आणि तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. बॅटरीपाशी फ्यूजच नाही. कुठे घासून पत्र्याला लागली असती तर गाडीच पेटली असती. यावर लिहायला लागलो तर शिव्याच येतील.

बाराचे दोन आता गॅलरीत आहेत, खोक्यावर आईने तुळशीची कुंडी ठेवलीय. विकायची जाहिरात टाकली. काल एकाचा फोन.

"दादा, किती इंची?"

"बारा."

"दोन्ही आहेत ना?"

"आहेत. गाडी कुठली तुमची?"

"वॅगनआर. सीएनजी."

"मग डिकीत सिलिंडर असेल की."

"हां, मागची सीट काढतो ना."