खुलासा: साबणाच्या पेस्टमधल्या गाठी प्लास्टिकच्या नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या बचत गटांत एक मेसेज फिरतोय: भांड्यांचं लिक्विड बनवताना एसएलईएस (फेस आणणारं, मळ काढणारं रसायन) पेस्टमध्ये पाणी घातलं की गाठी होतात, म्हणजे त्यात प्लास्टिक मिसळलंय. हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

७० टक्के एसएलईएस असलेली ही पेस्ट म्हणजे द्रवस्फटिक, द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था. साबणाचे रेणू थरांवर थर रचून बसलेले, मध्ये पाण्याची फट. पाणी वाढलं की थर मोडून रेणूंच्या लांब नळ्या होतात, त्या शेजारी शेजारी घट्ट बसतात. पातेल्यात रवी अडकते ती याच टप्प्यावर. तीच गाठ बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवा, विरघळून जाईल. प्लास्टिक विरघळेल का?

पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) म्हणजे प्लास्टिकच, हेही चूक. लिक्विडच्या घट्टपणासाठी घालतात ते सीएमसी (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) हेही पॉलिमरच, पण ते कापसाच्या सेल्युलोजपासूनही बनतं, आपल्याच पिकातून! मात्र त्याचे मोठे रेणू थरांमधल्या फटीत मावत नाहीत. ते बाहेर राहून आतलं पाणी ओढतात, थर आणखी जवळ येतात. म्हणून सीएमसी वेगळं भिजवा, शेवटी घाला. आणि पेस्ट पाण्यात थोडी थोडी सोडा, पेस्टवर पाणी ओतू नका.