मिरची चालते, पगार चालतो, फुटबॉल तेवढा परका?

तो मेसेज मला आधी तीनदा आला होता. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, आणि एकदा अशा एका काकांकडून, ज्यांना सकाळी सहाला कुठलं तरी ‘कटू सत्य’ पुढे ढकलल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तिन्ही वेळा मी सोडून दिलं. चौथ्यांदा तो फोंड्याहून माझ्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं: “दादा, पुढच्या महिन्यापासून ह्याचं फुटबॉल बंद करतेय. उगाच फी भरतोय आम्ही.”

ह्याचं म्हणजे माझ्या भाच्याचं. वय तेरा. डाव्या पायाने खेळतो, आठवड्यातून तीन दिवस कोचिंगला जातो आणि उरलेले चार दिवस अंगणातल्या माडावर बॉल आपटतो.

ज्यांना हा मेसेज अजून आला नाही (सुखी आहात), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शीर्षक ‘गोव्याच्या फुटबॉलचं कटू सत्य’. दावे सहा. 2014 साली आयएसएल (इंडियन सुपर लीग) येईपर्यंत भारतात व्यावसायिक राष्ट्रीय लीगच नव्हती. गोव्याला पहिला राष्ट्रीय मान आयएसएलमधल्या एफसी गोवा या क्लबने मिळवून दिला. जुने क्लब म्हणजे खाणमालकांचा छंद, तेही परदेशी खेळाडूंच्या जिवावर. 2007-08 ची लीग ‘गोवा लॉबी’ने आधीच ठरवून घेतली होती. फुटबॉल हा पोर्तुगिजांनी लादलेला, ‘त्यांचा’ खेळ, आपल्या मुलांचा नव्हे. आणि शेवटी, फुटबॉलमध्ये भवितव्य नाही, ‘जागे व्हा’.

पहिले दोन दावे एकत्र घेतो, कारण दोन्ही एकाच तक्त्यात गार होतात. आरएसएसएसएफ नावाचं फुटबॉलच्या नोंदींचं जुनं संकेतस्थळ आहे. दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं, पण हंगामागून हंगामाचे तक्ते तिथे पडलेले आहेत आणि ते वाचायला कुणाचं मत लागत नाही. नॅशनल फुटबॉल लीग 1996 साली सुरू झाली. पहिल्याच हंगामात पंजाबचा जेसीटी पहिला आणि आमचा चर्चिल ब्रदर्स दुसरा. 1998-99 ला साळगावकर विजेता. 2004-05 ला धेंपो, 2006-07 ला पुन्हा धेंपो. मग त्याच लीगची आय-लीग झाली. 2007-08 धेंपो, 2008-09 चर्चिल, 2009-10 धेंपो, 2010-11 साळगावकर, 2011-12 धेंपो, 2012-13 चर्चिल. बोटं मोजा. 2006-07 पासून सलग सात हंगाम देशाचा विजेता गोव्याचा. पणजी ते काणकोण अडीच तासांत संपणाऱ्या या राज्यातले तीन क्लब आलटून पालटून चषक घरी आणत होते, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबी तेव्हा इथे शेतात चिंध्यांचा चेंडू खेळत होते.

एफसी गोवाबद्दल माझा आकस नाही. 2019-20 च्या हंगामात 18 सामन्यांत 39 गुण मिळवून, तक्त्यात पहिले येऊन त्यांनी लीग शील्ड घेतलं आणि त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरले, तेव्हा शेजाऱ्यांनी दार वाजवण्याइतका मी ओरडलो होतो. पण तो ‘पहिला राष्ट्रीय मान’? तसं तर एफसी गोवा सुरू झाला तेव्हा त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर याच घराण्यांतली माणसं होती. नातवाचं कौतुक करायला आजोबा नव्हतेच असं सांगायची काय गरज?

आता ‘ठरवून घेतलेली’ 2007-08 ची लीग. हा दावा मी दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू.

तो आय-लीगचा पहिला हंगाम. संघ दहा, सामने प्रत्येकी 18, आणि दहांपैकी चार संघ गोव्याचे: धेंपो, चर्चिल, साळगावकर, स्पोर्टिंग. इथपर्यंत वाचलं की एखाद्याला वाटेल, हो, लॉबी असेल बुवा. पण तक्ता खालपर्यंत वाचा. वरच्या टोकाला धेंपो आणि चर्चिल, दोघांचे गुण सारखेच, 36. नायजेरियाच्या ओडाफा ओकोलीने चर्चिलसाठी 22 गोल केले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि तरी चषक पणजीकर धेंपोकडे गेला. म्हणजे लॉबीने आधी स्वतःच्याच दोन क्लबांना शेवटपर्यंत एकमेकांच्या उरावर बसवलं. आणि तळाला? साळगावकर. त्या हंगामात साळगावकर खालच्या श्रेणीत घसरला, विवा केरळसोबत. लीग ठरवून घेणारी ही कसली लॉबी, जिला वास्कोचा आपलाच क्लब बुडताना वाचवता आला नाही? गावच्या जत्रेतल्या लॉटरीत याहून बरी सेटिंग असते.

मी तेव्हा मडगावला नोकरीला होतो. दुपारची सुट्टी टाकून फातोर्डाच्या स्टेडियमवर जायचो. उन्हाने तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून बसायचं, कागदाच्या पुडीतले चणे खायचे. कित्येकदा गर्दी इतकी विरळ असायची की मैदानाकडेने प्रशिक्षक काय ओरडतायत ते चौथ्या पायरीवर ऐकू यायचं. संध्याकाळी बोरी पुलावरून घरी जाणारी कदंबची बस पकडायची. ठरलेलं नाटक बघायला माणूस अर्धा दिवस बिनपगारी करत नाही.

बिनपगारीवरून आठवलं. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे.

म्हणजे आपण आलो पाचव्या दाव्यावर, आणि याच दाव्यामुळे मी हे लिहायला बसलोय. बाकीचं अज्ञान आहे, हे विष आहे. फुटबॉल ‘त्यांचा’, म्हणजे ख्रिश्चनांचा, आपला नव्हे. माझ्या बहिणीला हा मुद्दा पटला असं मी म्हणत नाही, ती शहाणी आहे. पण तिच्या सासरच्या ग्रुपवर त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, आणि तेरा वर्षांचं पोर तो ग्रुप आईच्या फोनवर वाचतं.

मुळात पोर्तुगिजांनी आणला हेच धड नाही. गोव्यातले फुटबॉलवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत ती हकिगत अशी की 1883 च्या सुमारास फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश पाद्री हवापालटासाठी शिवोलीला आले आणि त्यांनी तिथे मुलांना हा खेळ शिकवला. म्हणजे ज्या देशातून क्रिकेट आलं, त्याच देशातून फुटबॉल आलं. क्रिकेटच्या वेळी मात्र हेच काका टीव्हीपुढे नारळ ठेवतात.

आणि समजा, आणला असता पोर्तुगिजांनी. मग? माशाच्या हुमणातली मिरची त्यांनीच आणली. काजू त्यांनीच आणला. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच, आणि चतुर्थीला भाजी कशाची करता? चावी त्यांची, पगार त्यांचा. महिन्याच्या एक तारखेला कुणी म्हणत नाही की हा परकीय शब्द आहे, मला नको.

खेळाडूंची नावं जातीधर्माने वेगळी काढायची मला शिसारी आहे. पण मेसेजने हिशेब मागितलाय, तर एकदाच देतो. ब्रह्मानंद शंखवाळकर. भारताचा गोलरक्षक, भारताचा कर्णधार, 1997 चा अर्जुन पुरस्कार, 2022 ची पद्मश्री. महेश गवळी, समीर नाईक, दोघेही भारताकडून खेळलेले बचावपटू, दोघेही धेंपोच्या सुवर्णकाळातले. धेंपो आणि साळगावकर ही हिंदू घराणी आहेत, हे फोंड्यात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आणि धेंपोला पाच राष्ट्रीय लीग जिंकून देणारे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, मागे समीर आणि महेश. यातला ‘आपला’ अर्धा कुठला आणि ‘त्यांचा’ कुठला? क्लायमॅक्सने क्लिफर्डला पास दिला की तो त्यांचा, आणि समीरने हेडर मारून चेंडू बाहेर काढला की तो आपला?

तिसऱ्या दाव्यात, खाणमालक आणि परदेशी खेळाडूंच्या, थोडं तथ्य आहे. नाइलाजाने मान्य करतो. क्लब खाणीच्या पैशावर उभे होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा गोव्यात कितीतरी गोष्टींचा श्वास अडकला, क्लबही त्यात आले. गोल करणारेही बरेचदा परदेशी: ओडाफाचं वर सांगितलंच, धेंपोकडे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. पण परदेशी खेळाडू बंगालच्या क्लबांकडेही होते, आणि आयएसएल आली तीसुद्धा परदेशी खेळाडू घेऊनच. छंदच म्हणायचा तर असा छंद आणखी चार उद्योगपतींना जडो. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोसाठी दोन गोल करून मैदानावरच कोसळला आणि गेला. त्याच हंगामात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. त्याच्या 10 नंबरच्या जर्सीला क्लबने निवृत्ती दिली. ‘परदेशी भाडोत्री’ असं लिहिताना बोटं जरा थरथरायला हवी होती.

आणि आयएसएलचं श्रेय? मैदानं सुधारली, टीव्हीवर सामने दिसायला लागले, पोरांना पैसे बरे मिळतात. हेही खरं. पण 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं, ते भारतीय फुटबॉल महासंघाने आयएसएलला देशाची मुख्य लीग करायची आखणी पुढे ठेवली म्हणून. हे ‘कटू सत्य’ त्या मेसेजात कुठे बसलं नाही.

सहावा दावा, भवितव्य. तेरा वर्षांच्या पोराचं भवितव्य कशात आहे ते मला कळत असतं तर आधी स्वतःचं बघितलं असतं. पुढे.

हे सगळं मी बहिणीला तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं, तक्त्याच्या फोटोसकट. तासाभराने तिचं उत्तर आलं: “बरं. पण गणिताची शिकवणी बुडली तर बंद म्हणजे बंद.” काकांनाही पाठवलं. त्यांनी जोडलेले हात पाठवले आणि पाच मिनिटांनी लसणाच्या फायद्यांचा मेसेज.

रात्री भाच्याचा फोन आला. त्याने तक्ता मोठा करून बघितला होता.

“मामा, साळगावकर शेवटून पहिले आलेले ना रे? मग 2011 मध्ये पहिले कसे आले?”

“खालच्या श्रेणीत खेळून परत वर आले. करीम बेंचरिफा म्हणून कोच होता, मोरोक्कोचा.”

“खालून वर यायला किती वर्षं लागली?”

“तीन. घसरले 2008 ला, चषक 2011 ला.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, त्याच्या कोचिंगचा संघ यंदा तालुक्यात शेवटचा आलाय, हे आईला सांगू नकोस.