प्लॅटिनमवरचा ऑक्सिजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनचे काय होते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘प्लॅटिनमवर ऑक्सिजनचे सरळ पाणी होते असे लिहिणाऱ्याने इलेक्ट्रोड कधी हातात धरलेला दिसत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतेच,’ असे आपण म्हणता. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. पण अनोळखी माणसाच्या हातांविषयी निकाल देण्याआधी एकदा विचारायला हवे होते.

एक उणीव मान्य करतो. लिटरभर पाण्यात सुमारे 1.25 मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो, हा आकडा 25 अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनसाठी आहे, हे लिहायचे राहिले होते. आज दुरुस्ती केली.

आता पेरॉक्साइड. आम्लात सोन्यावर ऑक्सिजन बहुतांशी दोन इलेक्ट्रॉन घेऊन पेरॉक्साइडपाशी थांबतो आणि पाऱ्यावर तर दोन्ही टप्पे, आधी पेरॉक्साइड आणि मग पाणी, आलेखात वेगवेगळ्या पायऱ्यांसारखे दिसतात. स्वच्छ प्लॅटिनमचे तसे नाही. या प्रयोगात इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची फिरती चकती वापरतात; तिच्याभोवतीचे वेगळे कडे चकतीवरून निसटलेले पेरॉक्साइड पकडून ते विद्युत प्रवाहाच्या रूपात दाखवण्यासाठीच असते आणि परक्लोरिक आम्लात, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत 0.6 व्होल्टच्या आसपास, त्या कड्यावर जवळजवळ काहीच येत नाही, विभव (इलेक्ट्रोडवरचे व्होल्टेज) 0.3 व्होल्टच्या खाली उतरून हायड्रोजनचे अणू पृष्ठभागावरच्या जागा अडवू लागले, की मगच कड्याचा प्रवाह चढतो.

हे मी पुस्तकातून उतरवलेले नाही. अकरा वर्षे मी ॲल्युमिनाच्या ओल्या भुकटीवर आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत चकत्या घासल्या आहेत. एकदा कड्याचा प्रवाह सहा आठवडे चढाच राहिला, तेव्हा मीही आपल्यासारखाच निष्कर्ष काढायला निघालो होतो. दोष निघाला संदर्भ इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजतात त्याच्या, टोकात, तिथून क्लोराइड झिरपून प्लॅटिनमवर बसत होते. म्हणून ‘पेरॉक्साइड होतेच’ असे कोणी ठामपणे म्हणाले, की मी आधी द्रावणाची चौकशी करतो, आणि आपण त्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही.

पेरॉक्साइड पृष्ठभागाला चिकटून क्षणभर बनते आणि तिथेच मोडते, असे आपल्याला म्हणायचे असेल, तर कडे त्यावर काही सांगू शकत नाही, कारण पृष्ठभाग सोडून जे निघते तेवढेच त्याला कळते. पण मग तसे स्पष्ट लिहायचे होते.

ऑक्साइडच्या थराबद्दलचे आणि विभव सिद्धांतातल्या 1.23 व्होल्टऐवजी 1 व्होल्टपाशीच का अडकते याबद्दलचे आपले आक्षेप मूळ लेखाच्या उत्तरार्धात आलेले आहेत; तो भाग आपण वाचलेला दिसत नाही.

आपल्याकडे कड्याच्या प्रवाहाचा आलेख असेल, तर द्रावण, फेऱ्यांचा वेग आणि संदर्भ इलेक्ट्रोड यांच्या नोंदीसह पाठवा. लेखाखाली तो जसाच्या तसा देईन.