चादर तेवढी घरची न्यावी

लांब पल्ल्याच्या गाड्यांमधील सोयी आणखी कमी होणार, अशी कुजबुज सोलापूर स्थानकाच्या फलाटावर अधूनमधून ऐकू येते आणि दर वेळी काही हळव्या मनाचे प्रवासी घाबरे होतात. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या सोलापूरकराने घाबरण्याचे काहीही कारण नाही, उलट कपातीला सामोरे जाण्यास आपल्याइतके सज्ज गाव मध्य रेल्वेच्या नकाशावर दुसरे सापडणार नाही, हे आपल्या मनावर ठसवावे म्हणून या चार सूचना.

प्रथम अंथरूण-पांघरुणाचा विचार करू. मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने वातानुकूलित डब्यांतील बेडरोल काढून घेण्यात आला आणि तो परत मिळू लागायला मार्च २०२२ उजाडावे लागले. ती दोन वर्षे इतर गावांच्या प्रवाशांनी कुडकुडत काढली असतील. आपल्यावर ती वेळ यायलाच नको होती. ज्या शहराच्या चादरीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि टॉवेललाही आहे, त्या शहराच्या माणसाने रेल्वेच्या कांबळ्यासाठी हात पसरावा, म्हणजे मिठागराच्या मालकाने शेजारी चिमूटभर मीठ मागायला जावे, तसे झाले. तेव्हा ट्रंकेतली मोराची चादर काढा, तिची घडी बगलेत मारा आणि निघा. चादर पिशवीत मावत नाही, ही तक्रार चादरीची नसून पिशवीची आहे.

कांबळे गेले तर एका गोष्टीची हळहळ मात्र मलाही वाटेल. चादरी आणि अभ्रे प्रत्येक वापरानंतर धुतले जातात, तर कांबळे महिन्यातून किमान एकदा धुतले जाते, अशी माहिती नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत देण्यात आली होती. रोज रात्री धावणाऱ्या गाडीचा हिशेब मांडला, तर दोन धुलायांच्या मधल्या काळात एकच कांबळे तीसएक अपरिचितांना ऊब देऊ शकते. जात, धर्म, भाषा आणि पोटजात न विचारता सर्वांना सारखेच कवेत घेणारी दुसरी एखादी व्यवस्था या देशात असल्यास ती मला कोणीतरी दाखवावी. त्या कांबळ्याच्या वासात आपल्याआधीच्या किती जणांचा प्रवास मुरलेला असेल, या विचाराने संवेदनशील माणसाला रात्रभर झोप लागत नाही. बेडरोलमधील नॅपकिनबद्दल मात्र मी बोलणार नाही; टॉवेलच्या गावात राहून त्याला टॉवेल म्हणणे माझ्याच्याने होणार नाही.

खानपान कमी झाले तर काय, हा प्रश्न तर सोलापुरात विचारूच नये. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे रेल्वेच्या उशिराचा पुरेपूर विचार करूनच घडवलेले अन्न असावे, अशी माझी बऱ्याच दिवसांपासूनची समजूत आहे. भाकरी महिनाभर टिकते, आणि महिनाभराचा उशीर अजून कोणत्याही गाडीने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एकच पथ्य पाळावे. रात्री १० ते सकाळी ६ ही नियमाने झोपण्याची वेळ असते, मधला बर्थ तेव्हाच उघडता येतो. त्या वेळेत कडक भाकरी मोडू नये. तिचा आवाज झाला की डबा दचकून उठतो आणि कुर्डुवाडी आली की काय म्हणून निम्मे लोक चपला शोधू लागतात. ज्यांना भाकरी बांधून देणारे घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी २०२३ पासून काही स्थानकांवर २० रुपयांत सात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मिळण्याची सोय झालेली आहे. ती साधारण डब्यासमोर मिळते, म्हणून आधी साधारण डब्यापर्यंत आणि मग त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचा सराव करून ठेवावा.

पाण्याच्या बाबतीत आपण इतरांच्या पुष्कळ पुढे आहोत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सोलापूर आणि मुंबईदरम्यान वंदे भारत सुरू झाली, तेव्हा अशा गाड्यांत प्रवाशाला लिटरची बाटली मिळत असे. एप्रिल २०२४ मध्ये, पाणी वाया जाऊ नये म्हणून, ती अर्ध्या लिटरची झाली आणि उरलेले अर्धे लिटर मागितल्यास फुकट मिळेल असे ठरले. ज्यांच्या नळाला रोज पाणी येते, ते लोक यावर कुरकुर करोत. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी घागरी, पिंप आणि घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना, मागितल्यावर लगेच मिळणारे अर्धे लिटर म्हणजे दिवाळीच.

वयस्कर वाचकांनी एवढेच करावे, की वय वाढवणे थांबवावे. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. २० मार्च २०२० पासून ती बंद झाली. बेडरोल परतला, सवलत परतली नाही. त्यामुळे म्हातारे होण्यात आता कसलाही आर्थिक लाभ उरलेला नाही, हे आजोबांना कोणीतरी जवळ बसून समजावून सांगितले पाहिजे.

जागेचेही तसेच. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या वर्गाच्या इकॉनॉमी वातानुकूलित डब्यात, जिथे ७२ जण झोपत तिथे ८३ जणांची सोय करण्यात आली. डबा लांबला नाही, गुडघे आखडले. बसून जेवण्याची आणि पोटाशी पाय घेऊन झोपण्याची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, तेव्हा ही कपातही अंगाला लागू नये.

वेळेची कपात तेवढी कोणी करत नाही. दौंडपर्यंतचा मार्ग एकेरी होता तेव्हा गाडी समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबत असे, पुढे दुहेरीकरणाच्या कामासाठी थांबू लागली, आणि आता मार्ग दुहेरी झाल्यावर तिला थांबण्यासाठी स्वतःची अशी कारणे शोधावी लागतात. ती शोधते.

हे सगळे करूनही कोणाला तक्रार करावीशी वाटलीच, तर आधी हातातले तिकीट नीट वाचावे. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम प्रवाशांकडून वसूल होते, असे त्यावर छापलेले दिसेल. हे वाक्य वाचून शरमेने मान खाली घालणारे अनेक असतील. परंतु नुसती मान खाली घालून भागणार नाही, आचरण हवे. सोलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे ४५५ किलोमीटर आहे. त्याचे ५७ टक्के म्हणजे २५९ किलोमीटर. सचोटीच्या प्रवाशाने तेवढ्याच अंतरापुरते गाडीत बसावे आणि पुणे स्थानक तीन-चार किलोमीटर उरलेले असताना, घोरपडीच्या आसपास, गुपचूप खाली उतरावे. गाडी तिथे सिग्नलसाठी बहुधा उभी असतेच, त्यामुळे साखळी ओढण्याचाही खर्च रेल्वेवर पडणार नाही. पहाटेची वेळ असेल, गारठा असेल. उतरताना चादर तेवढी विसरू नका.