ताप नाही, मग सीएमव्हीची तपासणी कशाला?

सोलापुरातल्या पेशंट-नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: “बोनमॅरो ट्रान्सप्लान्ट करून घरी आलात, ताप नाही, तर दर आठवड्याची सीएमव्ही पीसीआर म्हणजे लॅबची लूट. हा विषाणू 90 टक्के लोकांत असतोच. एकदा आयजीजी बघा, बास. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी पडतात, त्यापेक्षा गुळवेलीचा काढा घ्या.” सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, पीसीआर ही रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी, आणि आयजीजी म्हणजे आधी होऊन गेलेल्या संसर्गाची अँटिबॉडी. मी लॅबवालाच, तेव्हा माझं म्हणणं तुमच्या डॉक्टरांकडून पडताळून घ्याच.

90 टक्क्यांचं खरं आहे. आपल्याकडे बहुतेकांना सीएमव्ही लहानपणीच होऊन जातो आणि मग अंगात दबून राहतो. त्याला दाबून धरतात टी-पेशी. दुसऱ्याच्या स्टेम सेल घेताना नेमक्या त्याच मोडाव्या लागतात, नव्या उभ्या राहायला महिने जातात. तो बहुतेकांत असतो, म्हणूनच तर पाळत ठेवायची. जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात तो आजार) स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच.

आयजीजी बघायची ती ट्रान्सप्लान्टच्या आधी, रुग्णाची आणि दात्याचीही. रुग्ण पॉझिटिव्ह, दाता निगेटिव्ह ही जोडी इथे जास्त धोक्याची; किडनी ट्रान्सप्लान्टमध्ये बरोब्बर उलट. नंतर मात्र आयजीजीला फारसा अर्थ उरत नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती अँटिबॉडी धड बनवत नसते, आणि सापडलेली अँटिबॉडी चढवलेल्या रक्तातून आलेली असू शकते. पीसीआर थेट विषाणूचा डीएनए मोजते.

“ताप नाही” हा सगळ्यात घातक मुद्दा. काही रुग्णांत विषाणू एक-दोन दिवसांत दुप्पट होतो, आणि फुप्फुसात उतरला की औषधं असूनही रुग्ण हातचे जातात. म्हणून साधारण पहिले 100 दिवस दर आठवड्याला बघतात, आकडा चढू लागला की लक्षणांची वाट न पाहता औषध सुरू करतात.

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या सीएमव्हीवरच्या गोळीने पांढऱ्या पेशी पडतात, कबूल. म्हणून तर ते सरसकट न देता पीसीआर बघून देतात. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेटरमोव्हिर हे सीएमव्ही रोखणारं औषध मॅरोला धक्का लावत नाही. पण ते नागीण-कांजिण्यांच्या विषाणूवर चालत नाही, तेव्हा त्यासाठी दिलेलं ॲसायक्लोव्हिर आपल्या मनाने बंद करू नका.

काढ्याचं थोडक्यात: 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. तो वाद चालू दे, नव्या मॅरोवर त्याचा प्रयोग नको.

उरला खर्च. ती तक्रार मला पटते. स्वतःच्याच स्टेम सेल परत घेतलेल्यांना बहुधा दर आठवड्याची पीसीआर लागतच नाही. ट्रान्सप्लान्ट युनिटला स्पष्ट विचारा. ज्यांना लागते त्यांनी नुसत्या रक्तासाठी हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठायची गरज नाही. सोलापुरात रक्त काढून, प्लाझ्मा लवकर वेगळा करून थंड पेटीतून पाठवता येतो. आपल्या उन्हाळ्यात पेटीची हयगय नको. मात्र स्वस्त मिळते म्हणून दर वेळी लॅब बदलू नका. एकीकडे प्लाझ्मा, दुसरीकडे अख्खं रक्त तपासलं, तर आकडे जुळत नाहीत आणि विषाणू चढतोय की उतरतोय हे डॉक्टरांना कळत नाही.