मुकादम पळाला म्हणून मजुरी बुडत नाही

आमचे दाजी सेंट्रिंगचं काम करतात. गेले काही महिने तालुक्यातल्या एका सरकारी इमारतीवर होते. स्लॅब टाकून झाला, आणि मुकादम तीन हप्त्यांची मजुरी थकवून गायब झाला. मी म्हटलं, दाजी, अर्ज करू. त्यांनी काही न बोलता मोबाइल पुढे केला. मजुरांच्या ग्रुपवरचा मेसेज होता, याआधीही मला दोन ठिकाणांहून आलेला. त्यात लिहिलं होतं: सरकारी कामाला किमान वेतन लागत नाही, कारण सरकार मालक नसतं. व्यवहार मुकादमाशी, तो पळाला की पैसे बुडाले. हजेरीच्या मस्टरवर सही केली की हक्क संपला. टेंडर बिलो, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा कमी दराने, गेलं असेल तर मजुरी कमी देता येते. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची भांडी आणि पेटी मिळते, त्यात सगळं आलं. शेवटी, ‘सर्व बांधवांपर्यंत पोहोचवा’.

ज्याने हे लिहिलं त्याने किती घरांची मजुरी बुडवली, याचा त्याला पत्ता तरी आहे का? दाजींसारखा माणूस हे वाचतो आणि अर्जच करत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला, सरकार मालक नाही हा. यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम, उड्डाणपूल, वसाहती बांधल्या जात होत्या. कामं सरकारी संस्थांची, पण मजूर ठेकेदारांनी जमादारांमार्फत, म्हणजे मुकादमांमार्फत, आणलेले. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. जमादार माणशी एक रुपया कापून घ्यायचा, मजुराच्या हातात सव्वाआठ. पीयूडीआर या लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. सरकारी बाजूचं म्हणणं हेच होतं, की मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. न्यायालयाने ते मानलं नाही. काम तुमचं आहे, तर ठेकेदार कायदा पाळतो की नाही हे बघणं तुमची जबाबदारी आहे, असं ठणकावलं. आणि त्याच्याही पुढे गेलं: पोटाच्या मारामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर ती संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी आहे. एका रुपयाच्या कपातीवरून हे सगळं झालं. दाजींचे तर तीन हप्ते गेलेत.

पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामाचा खटला आला. तिथे सरकार म्हणत होतं, ही मदत आहे, मजुरी नव्हे. न्यायालयाने तिथेही किमान वेतन द्यायला लावलं.

मुकादम पळाल्याचं म्हणाल, तर कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याचं काम आहे त्याने, ती भरायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घ्यायची. मजुरी वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर हवा, हेही त्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही मूळ मालकाने मजुरी भरण्याची जबाबदारी कायम आहे. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो: कंत्राटी कामगारांची ती तरतूद आता पन्नास किंवा जास्त मजूर असतील तरच लागते, त्यामुळे छोट्या साइटवर तिचा आधार मिळत नाही. पण किमान वेतनाला असा आकडा नाही. दोन मजूर असले तरी ते द्यावंच लागतं. आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना त्याने ते द्यावेत, असं या चारपैकी वेतन संहिताच म्हणते.

सहीचं काय? कोऱ्या मस्टरवर सही घेतलेली असली की भांडण अवघड होतं, हे खरं. पण किमान वेतनाचा हक्क सोडतो असं कुणी लिहून दिलं तरी तो कागद कायद्याने रद्दबातल आहे. पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझंही आता मालकावर आहे, मजुरावर नाही. दावा करायला तीन वर्षं मिळतात, आणि दावा ऐकणारं प्राधिकरण थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतं.

टेंडर बिलो भरलं तो ठेकेदाराचा निर्णय. दाजींनी ते भरलं नव्हतं. ठेकेदारांची बिलं सरकारकडे महिनोन्‌महिने अडकतात, हे मी नाकारत नाही, त्यांचा संताप रास्त आहे. पण बिल अडकलं म्हणून स्लॅब टाकणाऱ्याच्या घरातली चूल अडकवता येत नाही.

मंडळाच्या भांड्यांबद्दल तर बोलायलाच नको. तो पैसा बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या उपकरातून येतो. मजुरीशी त्याचा संबंध नाही.

दाजींना मी सांगितलं ते इथेही सांगतो. साइटवर फलक असतो, त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि सरकारी खातं लिहिलेलं असतं. त्याचा आधी फोटो काढा. अर्जात मुकादमाबरोबर त्या ठेकेदाराचं आणि त्या खात्याचंही नाव घाला. किती दिवस, कुणाबरोबर काम केलं ते आठवेल तसं वहीत लिहा, सोबतच्या दोघांच्या सह्या घ्या. दाजी काल संध्याकाळी मुलीची जुनी वही घेऊन बसले होते. सत्तावीस दिवसांपर्यंत लिहून झालं आहे.